भावजींची डबी आणि माझी कुट्टी

अजितचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. हात अर्धा वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि मागे त्याच्या इंग्लंडमधल्या खोलीची पांढरी खिडकी. मी गोठ्यातून हात पुसत दारात आले तेव्हा माझे दीर लॅपटॉपसमोर बसले होते, पण पोराच्या तोंडाकडे बघत नव्हते. मान वर करून छताला टांगलेल्या दिव्याकडे बघत होते. बाहेर लख्ख ऊन होतं, सव्वापाच वाजले होते, आणि खोलीत दिवा जळत होता. दोन वर्षांनी बापलेक बोलायला बसले होते आणि दहा मिनिटांत बोलणं तुटलं होतं. भावजी एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाला गप्प बसलेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, बायकोच्या तिरडीपुढे.

माझ्या धाकट्या दिरासारखा चिवट माणूस देवानं दुसरा केला नसणार, आणि केला असता तर दोघांना एका घरात ठेवलं नसतं. कळंब्याच्या रस्त्याला आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागच्या दोन भावजींच्या, आणि कडेला लागून माझा दोन म्हशींचा गोठा. आमचे मालक लवकर गेले. भावजींनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं वाळूचे साचे केले. साच्यात लोखंडाचा रस ओतायचा, निवला की साचा फोडायचा, आणि माल खराब निघाला तर का निघाला ते शोधायचं. हे शोधायचं काम भावजींचं. वाळू ओली होती का, रस गार होता का, हवा अडकली का, हे बघायचं आणि खराब मालावर खडूनं कारण लिहून तो बाजूला ठेवायचा. त्यांचा एक नियम होता आणि तो ते घरात येईल जाईल त्याला ऐकवायचे. "एका टायमाला एकच बदल. दोन बदल केलासा की कशानं गुण आला ते कळत न्हाय."

फौंड्री सुटली पण खडू सुटला नाही. सदऱ्याच्या खिशात कायम खडू. एकदा माझा चहा फाटला. दुसऱ्या कुणी तो मोरीत ओतला असता आणि दुसरा टाकला असता. भावजींनी सकाळपासून दुपारपर्यंत पाच वेळा चहा करायला लावला. एकदा आलं सोडून, एकदा गूळ सोडून साखर घालून, एकदा पातेलं बदलून. दर खेपेला चुलीमागच्या भिंतीवर खडूनं एक ओळ. शेवटी गूळच तसला निघाला. मी ते पहिल्या घोटाला सांगितलं होतं. "सांगितलासा व्हय," भावजी म्हणाले, "पर शाबीत कुठं केलासा?" पोट बिघडलं तेव्हाही तेच. रोज एक पदार्थ बंद करून बघितला. भाकरी सोडली, डाळ सोडली, दूध सोडलं, आणि तांबडा-पांढरा रस्सा सगळ्यात शेवटी सोडला. डॉक्टरांनी रस्सा पहिल्या दिवशीच सोडायला सांगितलं होतं. तीन आठवडे तो माणूस कळवळत होता, पण नियम मोडला नाही.

भट्टीच्या आवाजात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नव्हतं. देवाला नमस्कार केला तरी गल्लीला कळायचं की आज काय मागितलं. लिहितानाही मोठ्यानं बोलत लिहायचे. पुढे लॅपटॉपवर एका बोटानं टाइप करायला शिकले तेव्हा तर एकेक शब्द आधी हाळी देऊन मगच बोट पडायचं. त्यामुळे भावजींच्या घरात कसलंही गुपित राहत नसे, आणि ती सगळी पत्रं मला भिंतीपलीकडून पाठ व्हायची.

आणखी एक खोड होती, ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. राग आला की फोन आपटायचे. समोरचा बोलत असतानाच. आमच्या फोनचा रिसीव्हर दोन ठिकाणी काळ्या टेपनं बांधलेला होता तो त्यामुळेच. आणि राग उतरला की दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला फोन करून सांगायचे, "काल लाईन कटली बघा." माझ्या भावाला सांगितलं, स्वतःच्या मेहुण्यांना सांगितलं, फौंड्रीच्या साहेबांना सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं की लाईन कटत नाही, भावजी कापतात. अजितला तर लहानपणापासून माहीत होतं. बाप फोन आपटतो आणि लाईनचं नाव सांगतो हे बघतच तो मोठा झाला.

अजित भावजींचा एकुलता एक. मला मूल नाही. त्याची आई, माझी जाऊ, सतत आजारी, त्यामुळे पोर माझ्याच अंगावर वाढलं. मला मोठीआई म्हणायचा. धार काढायला बसले की पेला घेऊन शेजारी उकिडवा बसायचा. पुढे इंजिनियर झाला, इंग्लंडला गेला. तो तिकडे असताना जाऊ वारली. अजित निघाला होता, वाटेत होता. वैशाखाचं ऊन, भावकी जमलेली, सगळे म्हणाले उरकून घ्या. म्हणणाऱ्यांत मीही होते. भावजींनी उरकलं. अजित तिसऱ्या दिवशी राख सावडायला पोचला.  परत गेल्यावर फोनवर म्हणाला, "आप्पा, एक दिवस थांबायला काय झालतं?" भावजींनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून काय सांगितलं असेल ते मी लिहायला नको. त्यानंतर दोन वर्षं अजितचा फोन नाही.

मग एका श्रावणात त्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की हल्ली संगणकावर एकमेकांची तोंडं बघत बोलता येतं. तुम्ही तेवढं घ्या, आपण समोरासमोर बसून बोलू. समोर दिसत असलो की तुम्हाला आपटता येणार नाही. पण याही वेळी बोलणं मधेच तोडलंत तर मी पुन्हा करणार नाही. भावजींनी ते पत्र खडूच्या शेजारी खिशात ठेवलं. धुवायला सदरा टाकताना मी दोनदा ते खिशातून काढलं, पांढरं झालेलं.

भावजींनी लॅपटॉप आणला. टेलिफोनच्या माणसांनी माझ्या पुढच्या खोलीत, फोनच्या शेजारी, दोन शिंगांची एक डबी बसवली. त्या डबीतून नेट हवेतून घरभर जातं म्हणाले, तार लागत नाही. भावजींची खोली मागे आणि मधे दोन हात रुंद काळ्या दगडाची भिंत. तरी नेट जायचं. चांगलं चाललेलं असायचं आणि मधेच तुटायचं. लॅपटॉप चालू, पडदा चालू, नेट तेवढं गायब. तीन-चार मिनिटांनी आपोआप परत यायचं. कधी सकाळी, कधी संध्याकाळी.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुटलं तर परत लावू. भावजींना ते चालण्यासारखं नव्हतं, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. मधेच तुटलं तर पोराला वाटणार बापानं कापलं. त्यांनी अजितला एवढंच कळवलं की थांब, सांगतो. मला म्हणाले, "वैनी, साचा तपासल्याबिगर रस वतायचा न्हाय." आणि तिथून पुढचे तीन महिने आमच्या घराची फौंड्री झाली.

पहिल्यांदा डबीची जागा. डबी टेबलावरून कपाटावर, कपाटावरून फडताळात, फडताळातून खिडकीत. एका जागी दोन दिवस, मग पुढची जागा. मी तिच्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला होता, टीव्हीवर असतो तसा. तो काढून माझ्या हातात दिला. "वैनी, तिचं अंग तापतंय ह्येनं." मी म्हटलं, "मग पंखा लावा की तिला!" दुसऱ्या दिवशी खरोखरच टेबलफॅन डबीकडे तोंड करून ठेवलेला. घरात माणसं घामानं भिजलेली आणि डबी वाऱ्याला बसलेली. दोन दिवसांनी पंखा काढला आणि भिंतीवर लिहिलं, "पंखा, फरक नाही."

मग घराची मोजणी. जेवायच्या पाटावर लॅपटॉप ठेवून, पाट दोन्ही हातांनी नैवेद्याच्या ताटासारखा धरून, भावजी घरभर हिंडायचे आणि पडद्यावरच्या काड्या मोजून ओरडायचे. "चार काड्या! तीन! तीनच! दोन! गेलं, गेलं, गेलं!" शेजारची बाई धावत आली, तिला वाटलं कुणाचं तरी काही झालं. जिथे जेवढ्या काड्या तिथे तेवढा आकडा खडूनं. माझ्या चुलीवर तीन, न्हाणीच्या दारावर दोन, तुळशीच्या कट्ट्यावर एक. सकाळी पूजेला गेले तर तुळशीपुढे हा भला मोठा एकचा आकडा. मी पुसला. भावजींनी परत काढला. मी परत पुसला. "आवो, पुसू नगासा, मेहनतीनं काढलाय," म्हणाले. मी म्हटलं, "मेहनत करायची तर अंगण सारवा."

टेलिफोनचा माणूस तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं चप्पलही काढली नाही, दारातूनच म्हणाला, "पावणं, तुमची लाईन टकाटक हाय."

"मग तुटतंय कसं?"

"हवामान."

"ऊन पडलंय की लख्ख!"

"तेच म्हणतोय मी. लख्ख ऊन."

भावजींनी त्याला बसवून घेतलं, तीन महिन्यांची वही दाखवली, तारीख, वेळ, काय बदललं, किती काड्या. त्या माणसानं दोन पानं वाचली, चहा प्याला आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "मावशी, घरात दुसरं कोन न्हाय व्हय ह्यास्नी बोलायला?" मला तेव्हा हसू आलं. नंतर आलं नाही.

राजारामपुरीत लॅपटॉप घेतला त्या दुकानदारानं एक दिवस सांगितलं की पाणी नेट अडवतं. झालं. भावजींनी छतावरची टाकी रिकामी केली. आम्ही दोन दिवस बादल्यांनी पाणी भरलं. फरक नाही. मग भावजी विचार करत अंगणात उभे राहिले आणि त्यांची नजर माझ्या गंगीवर गेली. गंगी गोठ्यात त्यांच्या खिडकीलगत बांधलेली असायची. सकाळ-संध्याकाळ घागरभर पाणी पिणारं एवढं जनावर डबी आणि खिडकीच्या मधे उभं! त्यांनी मला न विचारता गंगीला सोडलं आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात बांधलं, आणि तिची जुनी जागा कळावी म्हणून जमिनीवर, आणि कहर म्हणजे तिच्या पाठीवरही, खडूची फुली मारली. म्हशीची जागा बदलली की म्हैस रुसते. गंगीनं दोन दिवस पान्हा चोरला. संध्याकाळी दुधाला आलेली माणसं रिकामी चरवी घेऊन परत गेली. चाळीस वर्षांत माझ्या दारातून कुणी रिकामं गेलं नव्हतं. मी भावजींना गल्लीत ऐकू जाईल असं बोलले. "मानसाच्या अंगात पानी न्हाय व्हय? मग तुमी बी भाईर जाऊन बसा की!" भावजी खरंच विचारात पडले. वहीत बघत म्हणाले, "ते बी बघाय पायजे." मी गंगीला परत जागेवर बांधलं, पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

दिवाळी जवळ आली आणि भावजींना कारण सापडलं. मळभ आलं होतं म्हणून दुपारी त्यांनी खोलीत दिवा लावला होता. साडेचारला मी रोजच्यासारखी कडबाकुट्टी सुरू केली. कडबाकुट्टी म्हणजे म्हशींचा चारा बारीक करायचं मोटरचं मशीन. आमच्या मालकांनी स्वतः बसवलेलं, आणि आमच्या घरात त्यांच्या हातचं चालू असलेलं तेवढंच एक. चारा खात असल्याशिवाय म्हैस धारेला नीट उभी राहत नाही, म्हणून आधी कुट्टी, मग धार. मी बटण दाबलं आणि आतून आरोळी आली, "वैनी! बंद करा!" केलं. "लावा!" लावलं. असं सहा वेळा. मग भावजी धावत गोठ्यात आले, खडूनं हात पांढरे, तोंडभर हसू.

"सापडलं! तुमचं मशीन सुरू होताना समदी वीज वढून घेतंय. दिवा बारीक होतोय आन् त्याच टायमाला डबी मरतीया. परत जित्ती व्हायला तिला चार मिंटं लागत्यात. लॅपटॉपला बॅटरी हाय, त्यो मरत न्हाय. म्हनून मला वाटायचं हवेतच कायतरी हाय. वहीत येळ रोज धारंचीच हाय, तरी तीन म्हयनं मी हवा धुंडाळतोय, वैनी! हवेत काय बी न्हाय. वायरीत हाय." दिवसा घरात दिवे लागत नाहीत, म्हणून वीज कमी झालेली कुणाला दिसली नव्हती.

तो माणूस एवढा आनंदला होता की आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घाई केली. गोठ्याला वेगळी वायर टाकायची, डबीला बॅटरी लावायची, ती कामं वायरमन सोमवारी करणार होता. सोमवारपर्यंत थांबायचं सोडून भावजींनी त्याच संध्याकाळी एकेक शब्द ओरडत अजितला लिहिलं, "ये. रविवारी. आमच्या चार वाजता." आणि मग माझ्याकडे आले.

"वैनी, रविवारचं तेवढं कुट्टी लावू नगासा. तीन वाजताच कापून ठेवा."

मला राग आला. तीन महिने माझं घर खडूनं बरबटलं, माझी म्हैस हलवली, आणि एवढं करून दोष निघाला तो आमच्या मालकांच्या मशीनचा. मी म्हटलं, "म्हशीची येळ मी ठरवते. पाचपातुर थांबते. पाचाला बटण दाबनार. पाच म्हंजे पाच."

"पाच लई झालं," भावजी म्हणाले. "चाराला येतोय त्यो. तासभर पुष्कळ झालं की." आणि माझ्या पाया पडले. थोरली भावजय म्हणून सणाला पडायचे, मधे कधी नाही.

रविवारी भावजी साडेतीनला पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून बसले. वीज नीट आहे का ते कळावं म्हणून डोक्यावर दिवा लावून ठेवलेला. चार वाजले. सव्वाचार झाले. मी खिडकीतून बघत होते. साडेचारला म्हशी ओरडायला लागल्या, त्यांना वेळ कळते. भावजी हलले नाहीत. पावणेपाचला त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली आणि परत लावली. पोरगं येत नाही असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असणार. पुढे त्या दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं की इंग्लंडात वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात, आणि त्याच रविवारी पहाटे ती तासभर मागे घेतली होती. अजित त्याच्या घड्याळानं वेळेवरच होता. आमचे पाच वाजले होते.

पाचाला मी कुट्टीजवळ गेले आणि आत लॅपटॉप वाजला. भावजींची हाक मी विसरणार नाही. "अज्या!" म्हणून ओरडले. नेट नसतं तरी इंग्लंडला ऐकू गेलं असतं.

मी बटणावरचा हात काढला. खरंच काढला. भिंतीला टेकून उभी राहिले. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. पोरानं गुडघ्याचं विचारलं. कळंब्याचं तळं भरलं का विचारलं. फौंड्रीतल्या कुणाचं तरी विचारलं. आईचं काही निघालं नाही, पण दोघं त्याच्या आसपास फिरत होते हे कळत होतं. मग भावजी म्हणाले, "चुकलं माझं. थांबाय पायजे होतं," आणि हे ते हळू म्हणाले. मला वाटत होतं त्यांना हळू बोलता येत नाही. पलीकडून अजितनं नाक ओढलं. म्हशी दावणीला धडका देत होत्या. दाराशी चरव्या घेऊन माणसं आली होती. दहा मिनिटं झाली. मी मोजत होते, आणि नुसती मिनिटंच मोजत नव्हते. तळ्याचं विचारलं, फौंड्रीचं विचारलं, मोठीआईचं विचारलं नाही. मी म्हटलं, शब्द पाचाचा होता, पाच होऊन गेले. आणि बटण दाबलं.

काय होणार हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सहा वेळा दाखवलं होतं मला.

मी दारात आले तेव्हाचं वर सांगितलंच आहे. मी पाय वाजवले, भावजींनी दिव्यावरची नजर खाली आणली आणि वहीत वेळ लिहिली. चार मिनिटांनी नेट आलं. त्यांनी इकडून अजितला लावलं. त्यानं घेतलं नाही. परत लावलं. घेतलं नाही. मी धारा काढल्या, दूध घातलं. दिवेलागणीला मी भाकरी वाढली तेव्हा भावजी एवढंच म्हणाले, "तुमचं नाव काढलं त्यानं. मोठीआई कुठं हाय, बोलवा की, असं म्हनत हुता आन् गेलं." टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारायचा असता तर गल्लीला ऐकू आला असता. निरोप म्हणून सांगितला.

जेवण झाल्यावर ते टाइप करायला बसले. मी भिंतीपलीकडे भांडी घासत होते. "मी... तोडलं... नाही... वीज... गेली..." एवढं ओरडून लिहिलं. मी हात थांबवून उभी राहिले. आता पुढचा शब्द येईल, वहिनी, असं वाटत होतं. कुट्टी हा शब्द येईल. आला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते त्यांनी वाचलं, सवयीनं मोठ्यानंच. "आप्पा, लाईन कटली हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. चुकलं म्हणालात आणि दुसऱ्या मिनिटाला कापलंत. राहू दे."

तेव्हा मी त्याला सांगायला हवं होतं. फोन नंबर माझ्या खोलीतल्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. मशीन मी लावलं, बापानं काही केलं नाही, एवढंच बोलायचं होतं. मी आज सांगू, उद्या सांगू म्हटलं. मग दिवाळी झाली. मग इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. भावजींनी मला कधी सांग म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हटलं नाही म्हणून मीही नाही, असं मी स्वतःला समजावत राहिले.

ठरल्याप्रमाणे त्या सोमवारीच वायरमन आला. गोठ्याला वेगळी वायर झाली, डबीला बॅटरी लागली. त्यानंतर आमच्या घरात नेट एकदाही तुटलं नाही. भावजी दर रविवारी चार ते सहा पांढरा सदरा घालून बसायचे. घड्याळं कुठलीही असली तरी चुकू नये म्हणून दोन तास. डोक्यावर दिवा. बाकी दिवस तेच होते, खडू, आरडाओरडा, रश्श्यावरून भांडण. माझी मिरची कुठल्या डंकावर कुटली की जास्त लागते याचा शोध त्यांनी महिनाभर लावला. कुट्टीचं नाव मात्र माझ्यापुढे परत काढलं नाही.

असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात भावजी सकाळी दात घासताना बसले ते उठले नाहीत. भावकी जमली. ऊन वाढत होतं. उरकून घ्या म्हणाले. मी दारात आडवी बसले. "पोरगा आल्याबिगर हालवायचा न्हाय. ज्येला घाई हाय त्येनं घरी जावं." बर्फ आणवला. दीड दिवस थांबवलं. अजित आला. त्यानं बापाला अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, माझं नाव घेतलं नाहीस म्हणून दाबलं हेही.  मग त्यानं वही मागितली. त्या रविवारची ओळ काढली. वेळ होती, सव्वापाच. कारणाच्या खान्यात भावजींनी, ज्यांनी नासक्या चहाचंही कारण लिहून ठेवलं होतं, काही लिहिलं नव्हतं. अजित उठला, दिवा लावला, गोठ्यात गेला. मला म्हणाला, "मोठीआई, तू दिव्याकडं बघ." आणि तिकडून त्यानं कुट्टीचं बटण दाबलं. दिवा हलला नाही. त्यानं परत दाबलं. परत नाही. मी आतून ओरडले, "काय होत न्हाय." तो तिथेच गंगीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पाठीवर आता फुली नव्हती.

"एक फोन करायचा हुतास की गं," म्हणाला.  तेराव्यानंतर गेला.

अधूनमधून त्याचा फोन येतो. जेवलीस का विचारतो, औषध घेतेस का विचारतो. बोलणं मधे कधी तुटत नाही, लवकर संपतं. डबी आहे तिथेच आहे. तिचा हिरवा दिवा चालू असतो, मी पुसते, झाकत नाही. न्हाणीच्या दारावरचा दोनचा आकडा आहे. तुळशीपुढचा मीच पुसला होता.

त्या रविवारी त्या घरात दोनच माणसं होती. भावजी गेले. मी आहे.